ओर्तेन्सियाच्या तिरप्या कोंबड्या

कोमो, १२ मार्च १९८७

तीर्थरूप ताईस, धाकट्या एर्सिलिओचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? उजवा की डावा ते नेमकं आठवत नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. कोंबड्या अंडी देतायत ना? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे डॉक्टर म्हणतात बरी आहे, मला तसं वाटत नाही. नाताळपासून तुझं पत्र नाही, फोन नाही. त्या दिवशी गोड पाव कापायच्या आधीच तू आमच्याकडून उठलीस आणि दुपारच्या बोटीने घरी गेलीस, तेव्हा मला वाटलं, गुडघा दुखत असेल. (गुडघा दुखणारं माणूस एवढ्या जोरात दार आपटत नाही, असं माझी बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.) पत्राला कारण आहे, पण ते यथावकाश येईल.

मी टायच्या स्पर्धेत उतरलो होतो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मिलानच्या एका बड्या फॅशनवाल्यांनी ती ठेवली होती. नियम असे, की नक्षीतलं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं, रंग चारच, कागदावरचं मूळ चित्र हवं आणि त्याच कापडाचा शिवलेला एक टाय हवा. निवडलेली नक्षी वर्षभर त्यांच्या टायवर येणार, आणि प्रत्येक टायच्या मागच्या पट्टीवर ती काढणाऱ्याचं नाव. ताई, चाळीस वर्षं मी रेशमी रुमालांवर फुलं काढली. त्या रुमालांवर मालकांची नावं आली, दुकानांची आली, एकदा तर शर्यतीतल्या एका घोड्याचं आलं. माझं कधी आलं नाही. म्हणून उतरलो, उगाच लपवायचं कशाला.

टायवाल्यांबद्दल आपल्या घरात काय मत होतं ते तुला ठाऊक आहे. बाबा रुमालवाले, मी रुमालवाला. टायवाले म्हणजे गल्लीच्या पलीकडची माणसं. त्यांना सणासुदीला नमस्कार करायचा, कामाचं काही विचारायचं नाही. त्याप्रमाणे मी कुणालाही काही विचारलं नाही. एकतीस दिवस खपून नावा काढल्या, आपल्या सरोवरातल्या, वर छताला तीन लाकडी कमानी असलेल्या, प्रत्येकीत बसलेला एक कोळी. (कोळ्याला मिश्याही होत्या. नखाएवढ्या जागेत मिश्या काढून बघ म्हणजे कळेल.) छपाईवाल्याकडून चार रंग छापायच्या चार जाळीच्या चौकटी करून घेतल्या. कापड वाफवून, धुऊन हातात आलं तेव्हा माझे डोळे भरून आले. सर्दीही होती, पण तेवढंच कारण नव्हतं.

ते कापड घेऊन मी पाल्मिराकडे गेलो. ती पस्तीस वर्षं टाय शिवते. तुझ्यासारखीच कमी बोलते, आणि बोलली की लागतं. तिने टाय शिवला, खिडकीच्या कडीला टांगला, चार पावलं मागे सरली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, यातलं कुणी वाचलं का?"

बघतो तर सगळ्या नावा नाक खाली करून तळाला निघालेल्या, मिश्यांच्या कोळ्यांसकट. रुमाल सरळ कापतात आणि टाय तिरपा, म्हणजे गळ्यात त्याला पीळ पडत नाही. म्हणून टायची नक्षी कागदावर तिरपी काढायची असते, मग ती गळ्यात सरळ उभी राहते. कोमोत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं, पण डोक्याला होतं, हाताला नव्हतं. मी म्हटलं, वादळात सापडल्यात असं सांगू. त्यावर पाल्मिरा म्हणाली, सांगा की, पण बुडत्या बोटी गळ्यात घालून लग्नाला जाणारा एक नवरामुलगाही शोधून ठेवा.

नवं काढायला वेळ नव्हता, दहा दिवस उरले होते. बाबांच्या खणात काहीतरी जुनं सापडलं, तेच छापून, शिवून पाठवलं. तर असं झालं. आता पत्राचं कारण. नाताळात जाताना तू माझी छत्री घेऊन गेलीस. काळी, वाकड्या मुठीची. सवडीने पाठव.

तुझा
एर्सिलिओ

ता. क. छत्री राहू दे. खणात सापडलेला तो कागद तुझा होता. सत्तेचाळीस सालचा, तू एकोणीस वर्षांची होतीस. बाबांना दाखवायला आणलेल्या त्या कोंबड्या, सगळ्या तिरप्या. बाबा म्हणाले होते, पोरीचा हात सरळ नाही, आणि तुला चित्रांच्या खोलीतून उठवून रुमालांच्या कडा दुमडायला बसवलं होतं. आपण त्यांना दारुड्या कोंबड्या म्हणायचो. आपण कसले, मीच म्हणायचो. त्यांची झिंगलेली तिरपी चाल मी तुझ्या लग्नात चालून दाखवली, तुझ्या पोरांच्या बारशाला दाखवली, आणि या नाताळात तुझ्या नातवंडांसमोर दाखवली. कागद सापडला त्या दिवशी मी त्यावर टाय कापायचा पुठ्ठा ठेवून पाहिला, आणि ताई, कोंबड्या उभ्या राहिल्या. एकूण एक. एक तर मान वळवून मागे बघतेय. तू त्या टायसाठीच काढल्या होत्यास, आणि आपल्या घरात ते ओळखणारं कुणी नव्हतं. पाल्मिराने कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हिला कापड कळतं." कुणी काढलंय ते मी सांगितलंही नव्हतं.

ता. क. दुसरा. कोंबड्या निवडल्या गेल्या. काल मिलानहून पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला बक्षीस आहे आणि चित्र काढणाऱ्याने स्वतः यायचं आहे. खरं सांगतो, अर्जावर आधी मी माझंच नाव लिहिलं होतं. पाल्मिराने ते वाचलं, टायची घडी घातली, आपल्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. मग मी दुसरा अर्ज भरला, त्यावर तुझं नाव आहे, ओर्तेन्सिया. तू आली नाहीस तर ते दुसऱ्याची नक्षी घेणार. मी चुकलो, ताई. मला माफ कर आणि ये.

ता. क. तिसरा. पट्टीवर आडनाव माहेरचं छापायचं की सासरचं, असं त्यांनी विचारलंय. बाबांचं नाव लावायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. सकाळच्या गाडीने थेट मिलानला ये. पाल्मिराने मला कोंबड्यांचा दुसरा टाय शिवून दिलाय, तो घालून मी फलाटावर सरळ उभा असेन. पावसाचे दिवस आहेत आणि माझ्याकडे छत्री नाही.