पान अकरा

मंगळवार, संध्याकाळ. जालना

शीतलनं आज जपानी कादंबरी परत आणून दिली. टेंभुर्णीची पोरगी, नर्सिंग झालंय, जपानला नोकरीला जायचंय म्हणून माझ्या जपानीच्या क्लासला येते. तिनं लहान मुलांच्या गोष्टींचं पातळ पुस्तक मागितलं होतं. "तुला हीच बराबर, सोपी आहे," म्हणत मी माझी स्वतःची कादंबरी तिच्या हातात दिली. गोष्टींचं पुस्तक दिलं असतं तर क्लास हलक्या दर्जाचा वाटला असता. कुणाला? मलाच.

"मॅडम, माझ्याच्यानं पुढं वाचणं न्हाई होऊन राह्यलं. माझंच डोकं कमी पडतंय. माफ करा."

ती गेल्यावर पुस्तक उघडलं. अवघड अक्षरांच्या वर पेन्सिलीनं उच्चार लिहायची सवय मीच पोरींना लावली. माझी पेन्सिल पान अकरावर थांबलेली. त्यापुढं मी कधी वाचलंच नाही. शीतलची बारीक अक्षरं मात्र पार चाळिसाव्या पानापर्यंत गेलेली.

म्हणजे पान अकरा तिनं पाहिलंय. कळलं असेल तिला? कळूनही माफी तिनंच मागितली.

आणि मी काय म्हणाले? "असू दे, होतं असं."