मागचं उजवं चाक

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण इथल्या फरशीवर तेल आहे, उभ्याउभ्याच स्वीकारावा. तुमचा गुडघा आणि मामीचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरणीला लागले असावेत. मी खुशाल आहे. माझी चौकशी चालू आहे, पण भूक चांगली लागते.

देशादेशांच्या मोटारशर्यतींचा पहिला हंगाम परवा संपला. (दुसरा होऊ नये.) वर्षापूर्वी डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं चाक भर रस्त्यात निखळलं आणि तुम्ही माझ्यावर ठपका ठेवलात. रस्ता खराब होता, हे मी तेव्हाही सांगितलं. मग गॅरेजच्या दारात उभं राहून म्हणालो, मी देशासाठी चाललो, असल्या जागी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तुम्ही पान्हा पुसत 'जाताना दार लोटून घे' एवढंच म्हणालात. (दार मी उघडं टाकलं. मुद्दाम.) आता देशाचं ऐका. तेवीस देश, तेवीस गाड्या, सगळ्या एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या. म्हणजे गाडी नव्हे, देश जिंकेल, असा आयोजकांचा विचार. (विचार त्यांनी तिथेच थांबवला.) इंजिनाला सील. उघडलं की देश बाद. नुसत्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह आजारी आहे ते सांगणाऱ्या तुमच्या भाच्याला मिळालं एक चाक : मागचं उजवं. गाडी थांबली की जुनं काढायचं, नवं चढवायचं, मधला एकुलता एक नट हवेच्या गनने आवळायचा आणि हात वर करायचा. देशसेवा संपली.

आमचे मॅनेजर आधी सोफे विकत. प्रत्येक शर्यतीआधी आम्हाला ओळीत उभं करून ते सांगत, 'देश बघतोय.' मी घरी फोन करून विचारलं. आई म्हणाली, 'त्या वेळेला माझी मालिका असते रे.' ड्रायव्हर आजीच्या बाजूने आपला, आणि आजी वारलेली. त्याला आपली भाषा येत नाही. राष्ट्रगीताला ओठ हलवतो. मी जवळून पाहिलं, आकडे मोजत होता. तेविसांत आपण एकविसावे आलो. मागच्या दोघांपैकी एकाची गाडी जळाली आणि दुसऱ्याची बोटीतून उतरलीच नाही.

शेवटच्या शर्यतीत चमत्कार झाला. चाकं बदलायला प्रत्येक देशाला एक गाळा असतो. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या देशाच्या झेंड्यात आपलेच तीन रंग आहेत, क्रम तेवढा वेगळा. आमच्या ड्रायव्हरला आपला क्रम पाठ नव्हता. तो सरळ त्यांच्याकडे शिरला. त्यांनीही रंग पाहिले, क्रम पाहिला नाही, आणि चार सेकंदांत चारही चाकं बदलून त्याला बाहेर काढलं. (आम्हाला नऊ लागतात.) तो सातवा आला, वर्षातला आपला सर्वांत मोठा पराक्रम, परक्यांच्या हातून. मॅनेजर रडले. आपला त्यांच्या गाळ्यात असतानाच त्यांचा ड्रायव्हर आला, घर भरलेलं पाहून आमच्याकडे वळला. मॅनेजर ओरडले, 'चला, देश बघतोय.' आम्ही चाकं बदलली. दोन वळणं गेल्यावर एक चाक त्याला सोडून पुढे निघालं, गवतातून गेलं आणि कुंपणाला टेकून बसलं. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. तो उतरला, चालत गेला आणि त्याने चाकाला लाथ घातली.

आता त्यांची तक्रार आहे की आम्ही हे देशप्रेमापोटी केलं. (देशप्रेम. आमच्या गाळ्यात.) चौकशी समितीत तिघं आहेत, पंखा एक. अध्यक्षांनी विचारलं, 'नट आवळलाय हे तपासतं कोण?' मी म्हणालो, कोणी नाही. गॅरेजात तुम्ही दर चाकाला विचारायचात, 'आवळला का रे?' आणि नटावर हात ठेवून 'आवळला, मामा' म्हणावं लागायचं, तेही गिऱ्हाइकांसमोर, तिशीच्या माणसाने. मला त्याची लाज वाटायची. इथे कोणी विचारत नाही. वर्षभर मला ते फार बरं वाटलं.

मामीला नमस्कार. राग उतरला नसेल तर सांगू नये.

तुमचा
भाचा

ता. क. : कुठलं चाक, असं तुम्ही विचारालच. मागचं उजवं.

आणखी ता. क. : मुद्दाम केलं असं ठरलं, तर जन्मभर कुठल्याच चाकाला हात लावता येणार नाही. विसरलो असं ठरलं, तर नुसतं घरी पाठवतील. तेव्हा जुन्या मालकाचं पत्र हवं आहे, की मी आपला-परका असा भेद करत नाही, कुणाचंही चाक सैल सोडतो. 'पहिल्यापासून' हा शब्द घालावा. डॉक्टरीणबाईंचं उदाहरण जरूर द्यावं. रस्ता चांगला होता.

शेवटचा ता. क. : कॉम्प्रेसरजवळची माझी जागा अजून रिकामी असेल तर कळवा. पण वेगळ्या कागदावर. तो समितीला दाखवायचा नाही.