तीन हिसके

१८ नोव्हेंबर १९६६, तारापूर

बोईसर स्टेशनावरून बैलगाडीने पोचलो. साठीला टेकल्यावर नवी नोकरी, म्हणजे म्हातारपणी मिसरूड फुटावं तसंच! समुद्रात बांधकाम व्हायचंय. पाणबुड्याने तळाशी जाऊन खडकाची मापं घ्यायची आणि मी होडीतून त्याच्या कमरेचा दोर धरायचा. गावाकडे विहिरीत उतरणाऱ्यांचे दोर धरण्यात हयात गेली, तेव्हा हात सरावलेले आहेत. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. प्रत्येक हिसका वेळेसह वहीत टिपायचा. तीच वही मी रोजनिशी केली.

पाणबुड्या जिवल्या इथलाच कोळी. पाठीवर हवेची टाकी चढवून म्हणतो, नागोरावबाबा, आमी मासं, तुमी गळ! त्याची बायको जमुना बोंबलाचं कालवण देऊन गेली. जाताना बजावलं, काय बी होवो, दोर सोडू नका. म्हटलं, पोरी, शेंडी तुटो की पारंबी, सोडणार नाही.

२० नोव्हेंबर

दहाला उतरला. दहा वाव, म्हणजे साठेक फूट खोल, पाणी दुधावरच्या सायीसारखं निवांत. वीस मिनिटांनी तीन हिसके आले, ओढला. वर येऊन हसतो, म्हणे मी कुठं हिसकलं? दोर खडकाला घासला असेल.

२३ नोव्हेंबर

चूक माझी. आजही दहालाच उतरवला. जिवल्या कुरकुरत होता की पाण्याला घड्याळ नाय, बाबा, भरती रोज पाऊण तास म्होरं सरते. मी घाटावरचा, विहिरीच्या पाण्याचा माणूस. ऐकलं नाही. पाण्याच्या ओढीने त्याला असा नेला की दोर सतारीच्या तारेसारखा वाजला. माझे तळवे सोलले. वर आला तेव्हा नाकातून रक्त.

जमुना रडत भांडली. मग सांगितलं, गेल्या साली गोमा इथंच उतरला होता. होडी फरफटायला लागली म्हणून वरच्याने दोर सोडला. गोमा मिळालाच नाय.

२५ नोव्हेंबर

जिवल्या होडीत, विडी ओढत. दोर नुसता पाण्यात लोंबत होता.

तीन हिसके.

रामा नावाड्यानेही पाहिलं. मान फिरवून म्हणाला, बाबा, वहीत लिवू नका.

लिहिलं.

२६ नोव्हेंबर

ताट बाजूला सारलं. खाली कोणी वाट बघतंय आणि आपण —

कंत्राटदार म्हणतो, एकच माप राहिलंय, सोमवारी उरका. पुनवेचं उधाण आहे म्हटलं. हसला.

२८ नोव्हेंबर

पाणी पळतंय. जिवल्या म्हणाला, घट धरा, बाबा.

११.१० उतरला.

११.१८ एक. ठीक.

११.२१ दोर ताठ. होडी फरफटतेय. रामा ओरडतोय, सोडा! नाही सोडणार —

११.२६ जिवल्या वर आला! होडीच्या दुसऱ्या अंगाने. दोर कपारीत अडकला म्हणून सुरीने कापला म्हणे. दम लागलाय, पण जिवंत. जमुने, तुझा धनी आहे गं.

मग माझ्या हातात —

तीन.

दोर कापलेला. तरी तीन.

मी एक हिसका देऊन विचारलं. उत्तर आलं. एक. ठीक.

रामाने दोर तोडायला कोयता काढलाय. जिवल्या हात जोडतो, सोडा बाबा, तो गोमा नाय. नसेना. एकदा सोडलेलं कोणाचं तरी लेकरू, त्याला दुसऱ्यांदा कसं —

होडीच्या खुंटाला दोराचा वेढा घातलाय. ओढतो आणि लिहितो. हलकं येतंय. पाच वाव उरले. दोन.

दोरावर बोटं. चढताहेत. एकाची नव्हेत, एकावर एक, किती तरी —

वेढा सु