डाव्या हाताची जागा

१२ डिसेंबर
आज पुन्हा तेच. आप्पा जेवायला बसले, लुळा डावा हात मांडीवर. वहिनींनी ताट वाढले. आप्पा म्हणाले, "चटणी संपली काय गं घरातली?"
चटणी ताटातच होती. लिंबाशेजारी, डाव्या बाजूला, नेहमी वाढतात तिथे.
दादा त्यांच्या डाव्या हाताला बसला होता. थोरला म्हणून लहानपणापासून त्याची जागा तीच. तो म्हणाला, "हाय की आप्पा, ताटात हाय." आप्पांनी उत्तर दिले ते मला, उजवीकडे बघून. "कुठं हाय? तूच दाखव."
दादा अर्ध्या जेवणावरून उठला. वहिनी चुलीकडे तोंड करून बसल्या.

१४ डिसेंबर
दादा गोठ्यामागे भेटला. "बोलले तसंच करून राह्यले. गेलास तर मला मेलास, म्हणले होते ना? झालं मंग. मेलो मी."
दिवाळीनंतर म्हणाले होते. दादाला अंकुशनगरला कारखान्यावर काम आहे, तिथेच खोली मिळत होती. आप्पांना वाटले घर फुटले. चौथ्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. दादाने जाणे थांबवले. आता म्हणतो, एक तारखेला सामान नेणार, बिलकुल थांबणार नाही.
मी म्हणालो, तसे नसेल. "तुला काय. तुझ्याशी बराबर बोलतात."
खरे आहे. आप्पा फक्त माझ्याशी बोलतात याचे मला आतून बरे वाटत होते. वहीत खोटे लिहायचे नाही, म्हणून लिहिले.

१७ डिसेंबर
तीन दिवस आप्पांच्या ताटात काय उरते त्याची नोंद ठेवली.
१५ - चटणी, लिंबू, भाकरीचा डावा अर्धा. मेथी संपवली.
१६ - तेच.
१७ - सकाळी तेच. दाढी स्वतः केली. उजवा गाल साफ, डावा तसाच. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, निम्मी उद्याला ठेवली वाटतं." बऱ्याच दिवसांनी हसल्या.
सायं. - न सांगता ताट अर्धे फिरवले. आप्पा खूश. "आज वाढली बघ चटणी!" मग म्हणाले, "पण भाजी कुठंय?"


१९ डिसेंबर
दुकानातून सुट्टी घेऊन जालन्याला डॉक्टरांकडे. वही दाखवली. त्यांनी नीट वाचली.
म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदूला उजवीकडे मार बसलाय. डावी बाजू त्यांच्यासाठी नाहीच. तिकडून आवाज आला तरी उजवीकडून आल्यासारखा वाटेल.
मी विचारले, तिकडे अंधार दिसतो का?
"तुम्हाला तुमच्या पाठीमागे अंधार दिसतो का?"
कधी सुधारेल ते सांगता येत नाही म्हणाले.
परतताना एसटीत तोच विचार. पाठीमागे काही दिसत नाही. काळेसुद्धा नाही.

२० डिसेंबर
दादाला सगळे सांगितले. "टीव्ही दिसतो, दारातली कोंबडी दिसते, अन् पोटचा पोरगा दिसत न्हाई? डॉक्टर दोनदा भेटला त्यांना. मी तीस वर्षं बघून राह्यलो." शेवटी तयार झाला. उद्या माझ्या जागी बसेल, उजवीकडे.
मग आप्पांना विचारले, दादाशी का बोलत नाही. म्हणाले, "तो कुठं आला? मी पडलो तरी फिरकला न्हाई."
रोज तुमच्या शेजारीच जेवतो, म्हणालो.
"तू त्याच्याच बाजूचा."

२१ डिसेंबर, रविवार
वहिनी पाणी भरायला गेल्या होत्या. ताटे मी वाढली. दादा उजवीकडे बसला. आप्पांनी त्याला बघितले. घास हातातच राहिला.
"आलास व्हय? आत्ता सवड झाली?"
"रोज इथंच होतो, आप्पा. रोज."
"खोटं बोलू नको. बाप मरायला टेकला, अन् तोंड दाखवलं न्हाईस."
दादाने माझ्याकडे बघितले. मी बोलायला हवे होते. तो उठला. दार आप्पांच्या डावीकडे आहे. तिथे तो पाठमोरा चप्पल घालत होता, चार हातांवर.
आप्पांची मान खाली, ताटात. हळू बोलत होते, "जेव. उठू नको. मी बोललो ते नुसतं तोंडानं. मनात न्हवतं."
मान वर केली तेव्हा उजवीकडे भरलेले ताट.
"आत्ता तर इथं होता. कुठं गेला?"
मी दारात पोचेपर्यंत दादाची गाडी रस्त्याला लागली होती.

२२ डिसेंबर
दादा रात्री घरी आला नाही, अंकुशनगरलाच राहिला. तीनदा फोन केला. फोन आप्पांच्या कानाला लावून ठेवला. वाजून वाजून बंद झाला.
वहिनी भांडी बांधत आहेत. त्यांना सांगितले, आप्पा असे असे म्हणाले. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही लई चांगले हाव." म्हणजे त्यांना पटले नाही.
दादाने ऐकले असेल का? मी त्याच्याकडेच बघत होतो, तरी सांगता येत नाही.
उद्या अंकुशनगरला जातो. आप्पांचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले. दोनदा तपासले. एकही शब्द माझा नाही.
पण अक्षर माझे आहे.