ब्रायोनीच्या नावाने आलेली मतं

प्रिय ब्रेंडन,

नवीन आलेली जादूची कादंबरी मी आणि ब्रायोनी एकाच सुमारास वाचतो, हे तुला ठाऊक आहे. इथे ह्युऑनव्हिलच्या लायब्ररीत मुलांचा विभाग माझ्याकडे, त्यामुळे चांगलं काही दिसलं की एक प्रत विकत घेऊन स्ट्रॉनला तुमच्या घरी पाठवते. मग तिचं मत तुमच्या घरच्या ई-मेलवरून येतं. तुझ्या लेकीचं मत म्हणजे चाबूक. एका कादंबरीबद्दल तिने लिहिलं होतं, "लेखिकेला नायिकेचे आईबाप सांभाळता येईनात, म्हणून पहिल्याच प्रकरणात बुडवून टाकले." आणि ड्रॅगनच्या त्या जाडजूड मालिकेवर एवढंच, "ड्रॅगन झोपला तेव्हा मीही झोपले."

ईस्टरनंतर मात्र सूर बदलला. "गोष्ट चांगली आहे. थोडी लांब आहे." माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय कॉम्प्युटरवर. हल्ली पोरं मतंसुद्धा त्याच्याकडून लिहून घेतात. मग केरीवर. तुझ्या बायकोला पहिल्यापासून वाटतं, मी पोरीला भलता नाद लावते. तुला फोन केला तर तू म्हणालास, "पोहायला गेलीय." पुढच्या खेपेलाही पोहायलाच. पाण्याला इतकी घाबरणारी मुलगी, ब्रेंडन. तेव्हापासून माझं लक्ष होतं.

मग मी ती तळ्याखालच्या शहराची कादंबरी पाठवली. तिच्यातली मुलगी जादू शिकायला घरातून निघून जाते, पुढे सगळी धमाल तिचीच. मागे राहिलेला नावाडी बाप जेमतेम दोन पानं आहे. आणि मत आलं ते सगळं त्याच्यावरच. "तो रोज धक्क्यावर जाऊन उभा राहतो ते पटलं. हाक का मारत नाही, ते लेखकाने सांगायला हवं होतं. काय बोलावं ते त्याला सुचत नसेल."

तेराव्या वर्षी कुणी गोष्टीतल्या बापाकडे ढुंकून बघत नाही.

मी सरळ केरीला फोन लावला. ती म्हणाली, "हेदर, आम्ही दोघी ईस्टरपासून लॉन्सेस्टनला राहतो. त्याने तुला सांगितलं नाही?" मग फोन ब्रायोनीने घेतला. "आत्या, तू पुस्तकं पाठवायची बंद का केलीस?" मी तिला नावाड्याबद्दलचं मत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे बाबाने लिहिलंय? तो तर पेपर वाचतानाही झोपतो." आणि मग हळूच, "सगळं पुस्तक वाचलं त्याने?"

दिवसभर बोटीवर राबून आल्यावर तू तिच्या नावाची पार्सलं फोडून वाचत बसत होतास, हे मला आता कळतंय. माझ्यापासून लपवलंस त्याचा राग आहे, तो समोर आलास की काढीन. आज लिहितेय ते तिने निरोप दिलाय म्हणून, आणि फोनवर सांगितला तर तू पुन्हा काहीतरी थाप मारून मोकळा होशील म्हणून. तिचेच शब्द देते: "बाबाला सांग, ते पुस्तक मला हवंय. पोस्टाने नको, शनिवारी स्वतः घेऊन ये म्हणावं. आणि शेवट काय होतो ते आधी सांगू नकोस म्हणावं."

तुझीच, आणि शनिवारपर्यंत तरी तुझ्यावर नजर ठेवून असलेली,
हेदर