कूलरचा पंप आणि मातीचं तेल

६ एप्रिल, सोमवार
सकाळी मुख्याध्यापकांनी (यापुढे मु. अ., तेवढा मान पुरे) बोलावून सांगितलं, प्रयोगशाळा रिकामी करायची. तिथे मोठा पडदा लावून स्मार्ट रूम होणार. संस्थेचे सचिव सोळाला खोली बघायला येतात.
"मॅडम, लॅब वापरून कोण राहिलं ते सांगा. फडकं मारायलेही कोणी जात नाही."
फडकं मीच मारते, पण ते असो. म्हटलं, सोळाला सचिवांना लॅब चालू दिसली तर? "मग पाहू." म्हणजे नाही असं नाही. कळमेश्वरच्या शाळेतून नागपुरात बेसाला घरी येईपर्यंत डोक्यात एकच, चालू म्हणजे नेमकं काय चालू?

७ एप्रिल
दहावीत गेलेल्या मुलांचे उन्हाळी तास. कार्बनी संयुगं. फळ्यावर खनिज तेलाचा मनोरा काढला. खालून तापवलेलं काळं तेल, वर गॅस, त्याखाली पेट्रोल, रॉकेल, डिझेल, तळाला डांबर.
सानिका पहिल्या बाकावरची, तोंडाला विसावा नाही. "मॅडम, रॉकेल म्हणजे काय?"
घासलेट. सगळे चेहरे कोरे. अगं, मातीचं तेल. तेही नाही. रेशनवर मिळायचं बंद झालं तेव्हा ही पोरं किती लहान असतील. पुस्तकातलं रॉकेल पाठ, वास मात्र कुणालाच माहीत नाही.
मग तिथेच ठरलं. सोळाला हाच मनोरा, काचेचा, टेबलावर. पडद्यावरच्या रॉकेलला वास कुठून येणार? इतका आनंद झाला की खडू मोडला.

८ एप्रिल
खरं खनिज तेल मला कोण देणार. आपणच कालवायचं. जरासं पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल. काळंकुट्ट होतं. तेच तापवून पुन्हा वेगळं करायचं.
नवऱ्याला सांगितलं. अवि म्हणाला, "आधी मिसळवाचं अन् मंग निवडत बसाचं. काहून वं, काम नाही का तुले?" पण गाडीतलं पेट्रोल काढून त्यानेच दिलं.
रॉकेल सोडून सगळं जमलं. बर्डीच्या बाजारात दुकानं पालथी घातली. एकाने थिनर पुढे केलं, दुसरा म्हणाला, "ताई, कोणत्या जमान्यात राहून राहिल्या तुम्ही?"

९ एप्रिल
मिळालं. सानिकाच्या आजीच्या गोठ्यात, तोंडाला चिंधीचा बोळा लावलेली बाटली. आजीचा निरोप, "उरलं तं वापस आण म्हणा मास्तरणीले." बाटली वर्गात फिरवली. हाताने वारा घालत वास घ्यायला शिकवलं. कुणी म्हणालं रंगासारखा, कुणी म्हणालं डोकं दुखते. मला मात्र आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं आणि उगाच बरं वाटलं.
मनोऱ्यात भरायला फुटक्या बांगड्या सांगितल्यात. वाफ काचेवर अडखळत वर गेली पाहिजे, तरच नीट वेगळी होते.

१० एप्रिल
बांगड्यांचा ढीग. लग्नसराई आहे. पुरे म्हणेपर्यंत मुली आणत होत्या. मनोरा हिरवागार दिसतो.

११ एप्रिल, शनिवार
फजिती. जोडणी सगळी ठीक, ज्योत नको म्हणून चंबूखाली विजेवर तापणारं हीटिंग मँटल, वाळूची बादली शेजारी. थर्मामीटर साठ, सत्तर, ऐंशी. वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरच्या तोंडाशी एक थेंब नाही, आणि खोलीभर पेट्रोल पंपाचा वास. लगेच बंद केलं, खिडक्या उघड्या, पोरं बाहेर.
मग कंडेन्सरवर हात ठेवला. गरम. आत गच्चीवरच्या टाकीचं पाणी फिरत होतं. एप्रिलात नागपूरकर त्या पाण्याने अंघोळ करायची तर बादली आदल्या रात्री भरून ठेवतो, आणि मी त्याने पेट्रोलची वाफ गार करायला निघाले. एमएस्सी केमिस्ट्री म्हणे.
सानिका म्हणाली, "मॅडम, मनोरा बरोबर हाय. पाणी चुकलं." तीच एक बरोबर. बर्फ आणावा तर किती आणि किती वेळ टिकणार. मु. अ. दारातून नाकाला रुमाल लावून बघून गेले.

१२ एप्रिल
दुपारी कूलरसमोर चटई टाकून पडले होते. पाणी संपलं का बघायला टाकीत हात घातला. गार. बाहेर आग ओतते आहे आणि हे पाणी खसच्या ताट्यांवरून पडून, वाऱ्याने सुकून सुकून गार झालेलं. तिथेच उभी राहून हसले. आणि थेट कूलरचा पंप काढायला बसले.
अवि जागा झाला. "काय करून राहिली?"
पेट्रोल थंड करायचंय.
"पेट्रोलले गारवा, अन् मले घाम. वा."

१३ एप्रिल
स्टाफरूमचा कूलर लॅबच्या दारात ओढला. त्याचा पंप जळालेला, तिथे आमचा बसवला. नळीला फाटा काढला, अर्धं पाणी खसवर, अर्धं कंडेन्सरमधून फिरून परत टाकीत.
मँटल सुरू. आणि मग पहिला थेंब. पाण्यासारखा स्वच्छ, त्या काळ्या घाणीतून. मग दुसरा. मुलं ओरडली नाहीत, फक्त सगळी एकदम पुढे वाकली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून थर्मामीटर वाचत राहिले.
दीडशेच्या पुढे पाणी बंद केलं, नाहीतर काच तडकते. रॉकेलही आलं.
मु. अ. स्टाफरूममध्ये वहीने वारा घेत होते. उद्या चौदा एप्रिल, सुट्टी. गल्लीत निळ्या पताका लागल्यात. परवा एकदा उजळणी, मग थेट सोळा.

१६ एप्रिल
सचिव आले ते फोन कानाला लावूनच. पेट्रोलची परीक्षानळी बघितली, मान हलवली, खोलीची लांबी-रुंदी नजरेने मोजली. मी मनात म्हटलं, गेली खोली.
तेवढ्यात सानिकाने दुसरी नळी पुढे केली. "वास घ्या, सर. असा, हातानं."
घेतला. फोन खाली आला. "मातीचं तेल." नळी हातात घेत, "आमच्या घरी स्टोव्हले पिन मारणं माझं काम होतं. माय हाक मारे." पुन्हा वास घेतला. मग, "या काळ्यातून निघालं हे?"
मु. अ. घाईने म्हणाले, होय साहेब, खनिज तेलातून.
सानिका म्हणाली, "नाही सर. खनिज तेल नाही, आमीच मिसळवलं. पण वेगळं झालं ते खरं हाय."
मु. अ.चा चेहरा पडला. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. सचिव कूलरला वळसा घालून गेले, फाटा निरखला, निघाले.

१८ एप्रिल
दोन दिवस काही निरोप नाही. मुलं रोज विचारतात, तळाशी उरलेलं काळं कधी बघायचं. उरलेलं रॉकेल आजीला परत गेलं. घरी कूलरमधून गरम वारा. अवि ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतो, पण पंप आण म्हणत नाही.
संध्याकाळी ऑफिसातून क्लार्कचा फोन. "मॅडम, सचिवसाहेब विचारून राहिले, तो पंप किती वॉटचा? नवीन घेवाचा हाय म्हणते."
लॅबसाठी की स्मार्ट रूमच्या कूलरसाठी?
"ते नाही सांगितलं त्यायनं."
अठरा वॉट सांगितलं. आणि नळीला फाटा लागतो, तेही लिहून घ्या म्हटलं.