ओटीपी माझ्या नंबरावर

५ ऑक्टो., सोमवार
सुटी झाल्यावर गेटवर फोन घेतला तर बहिणीचे चार मिस्ड कॉल. प्रज्ञाचे बी.ए. शेवटच्या वर्षाचे पेपर कोरोनामुळे मोबाईलवरच होणार, पक्कं झालं. पण पेपर उघडायचा तर आधी ओटीपी टाकावा लागतो, आणि तो येणार माझ्या नंबरावर. तीन वर्षांआधी साखरखेर्ड्याला कॉलेजचा फॉर्म भरला तेव्हा घरात एकच मोबाईल, माझा. तोच नंबर लिहून दिला. मंग मी मोबाईल खिशात घालून इकडे वापीला निघून आलो. कॉलेजचा बाबू म्हणे फॉर्म वर गेले, आता नंबर बदलत नाही.
चार पेपर. अकराला सुरू, बारापर्यंत. ओटीपी दहा मिनिटं चालतो, मग मेला.
आणि आमची केमिकलची कंपनी. मोबाईल आत नेता येत नाही, आग लागते म्हणे. सातला गेटवर जमा, तीनला परत.

७ ऑक्टो.
गजू लोणारचा, माझ्याच खोलीवर राहतो. त्याची दुपारपाळी. म्हटलं बदलून घे. लगेच हो म्हणाला. "तुई बहीन सायबीन झाली का मले शिपाई लावजो बे."

१२ ऑक्टो.
पहिला पेपर. दहापासून गच्चीवर बसलो. प्रज्ञा तिकडे विहाराच्या ओट्यावर, घरात रेंज नाही. अकरा वाजून तीन मिनिटांनी आकडे आले. दोनदा सांगितले. "उघडला दादा, ठेव." ठेवला. मग बारापर्यंत मोबाईलकडे पाहत बसलो, जसा काही माझाच पेपर.
नंतर म्हणे चाळीस प्रश्न, बरोबर उत्तराच्या गोलावर बोट ठेवायचं. लिहायचं काहीच नाही का? काहीच नाही. तीन वर्षं वह्या भरल्या तिनं. त्या वह्यांचं काय...

१४ ऑक्टो.
दुसरा पेपर. धम्मचक्राचा दिवस. विहाराला कुलूपच आहे, मायनं बाहेरूनच मेणबत्ती लावली, घरी खीर केली. इकडे आकडे उशिरा आले, अकरा वाजून आठ. प्रज्ञा हसून राह्यली, "दादा, तू तं आमच्या प्राचार्यापेक्षा मोठा झाला."
मी आठवीतून पळालेला माणूस आणि बी.ए.चा पेपर माझ्याशिवाय उघडत नाही. पाळीवर पण हेच डोक्यात. चांगलं वाटलं. लय दिवसांनी.

१५ ऑक्टो.
काम सोडलं. ठेकेदारानं परत ड्रम धुवायला लावले, हातमोजे न देता. बोललो. "नहीं करना तो जा." गेलो. माझं दरवेळी असंच. डोकं तापलं की पाय आधी निघतात.
गजू म्हणत होता, "शनिवारचा पेपर होऊ दे बे, मंग जा कुठं जाचं तं." म्हटलं मोबाईल खिशातच आहे, वापी काय अन् सेलवास काय. सेलवासला धाग्याच्या कंपनीत माणसं घेऊन राह्यले.

१७ ऑक्टो., शनिवार
तिसरा पेपर.
नऊला नव्या कंपनीच्या गेटवर ताप पाहिला, नाव लिहिलं, मोबाईल पेटीत टाकायला लावला. धाग्याच्या कंपनीत मोबाईल कशाला अडवतील, असं धरून चाललो होतो मी. म्हटलं अकराला पाच मिनिटं सोडा, बहिणीचा पेपर आहे. "पहले अंदर तो जा." साडेदहाला मुकादमाला विचारलं. अकराला विचारलं. सव्वाअकराला मशीन सोडून गेटवर पळालो, तर पेटीची किल्ली ज्याच्याजवळ तो दुसऱ्या गेटवर. त्या गेटवर गेलो, तर तो इकडे आलेला.
मोबाईल हातात आला तेव्हा साडेबारा. एकोणीस मिस्ड कॉल. पाच मेसेज, पाचही ओटीपी. शेवटचा अकरा अठ्ठावन्नचा. तोपर्यंत ती मागत होती.

१८ ऑक्टो.
प्रज्ञा बोलत नाही. फोन मायनं उचलला. "सकाळी सोयाबीन सोंगाले वावरात आली माह्यासंगं. तोंडातून शब्द नाई." मग म्हणाली, "तुले एका जागी बसाले काय होते रे? चार दिवस." मग, "जेवला का?"

२० ऑक्टो.
शेवटचा पेपर. कामावर गेलोच नाही. आकडे आले, फोन लावला. "सांग." सांगितले. "बरं." ठेवला. दादा म्हटलं नाही.

२७ ऑक्टो.
आज प्रज्ञानं स्वतःहून फोन केला. कामाचंच बोलली. ज्यांचा पेपर राहिला त्यांनी अर्ज द्यायचा, कॉलेज तो विद्यापीठात पाठवणार, परत पेपर घेतला तर घेतला. नाही तर तिसऱ्या पेपरात नापास, वर्ष गेलं. ओटीपी न आलेल्यांचं आधी पाहतील म्हणे.
"मंग आला नाही असं लिहू का?"
म्हटलं लिही.
मग, "पण आला होता ना. मी खरं लिहीन."
संध्याकाळी परत फोन आला, तसंच लिहिलं म्हणे. नंबर भावाचा आहे, भाऊ कामावर होता. बाबूनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, पोरी हसल्या. पण अर्ज घेतला. पेपर लागला तर दोन दिवस आधी मेसेज येईल. त्याच नंबरावर.

१ नोव्हें., रविवार
वापीला गेलो. गजू दिवाळीसाठी गावी चालला. म्हटलं माझं सिम घेऊन जा, साखरखेर्ड्याला प्रज्ञाच्या हातात दे.
"येडा झाला का बे? कामाचे फोन याच्यावरच येतेत ना तुले."
"येऊ दे. तिच्याजवळ येतीन."
नवीन सिमला आधार लागतं, ते घरी राहिलं. टाचणीनं सिम काढलं. गजूनं पाकिटात फोटोमागं सरकवलं. तो मस्करी करीन वाटलं होतं. केली नाही.

९ नोव्हें.
गजू गुरुवारी निघाला. पोचला असंल. सिमशिवाय मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा फोन मागून घेतला. गजूचा बंद. प्रज्ञाला दोनदा लावला, घंटी पूर्ण वाजली. सिम मिळालं का, मेसेज आला का, का पेपर होऊनही गेला, काहीच...
अनोळखी नंबर उचलत जाऊ नको, हे मीच शिकवलं तिला.
उद्या परत लावीन. त्या माणसानं फोन दिला तर.